न जाणवणारा पाय

मी एक पाय बोलतोय. उजवा. गुडघ्याच्या चार बोटं खाली सुरू होतो आणि तळव्यापाशी संपतो. मला बनवणाऱ्या कारागिराने हौसेने पाच बोटं आणि त्यांवर नखंसुद्धा कोरली आहेत. पण मला स्पर्श कळत नाही. फरशी गार आहे की तापलेली, ओली की कोरडी, काही ठाऊक नसतं. ऐकू मात्र येतं, समोरचं अंधुकसं दिसतं, आणि कुणी माझ्यावर भार टाकला की तो तेवढा कळतो. एवढ्यावरच माझं आयुष्य गेलं, झोपेत चालावं तसं.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. भिंतीवर माझी भावंडं टांगलेली असायची, कुणी डावं, कुणी उजवं, एक तर लहान मुलीचं, वीतभर. खिडकीतून ऊन आत आलं की प्लॅस्टरची पांढरी धूळ त्यात सावकाश तरंगायची आणि आम्ही सगळे पाण्याखाली लटकलो आहोत असं वाटायचं. कुणाकडे जायचं, कुठे चालायचं, कुणालाच माहीत नव्हतं.

मग एके सकाळी बाई आल्या. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, कुबड्यांवर. सोबत त्यांची नणंद होती. त्यांचा खरा पाय कसा गेला ते मी नणंदेच्याच तोंडून ऐकलं. ती कारागिराला सांगत होती, "साखर वाढलेली. तळव्यात खिळा रुतला, पण हिला पत्ता नाही. मी म्हटलं, वहिनी, चपलेला रक्त कसलं? तर म्हणते, काही दुखत नाही गं, म्हणजे काही नसेल."

"पुरे आता," बाई म्हणाल्या.

"पुरे काय? दुखत नाही म्हणून चार दिवस पाय उलटा करून बघितला नाही हिने."

बाईंनी मान खाली घातली.  कारागिराने मला खाली काढलं आणि वरच्या वाटीत बाईंचा उरलेला पाय मोजा घालून बसवला. असे आम्ही एकमेकांचे झालो.

चालण्याच्या सरावासाठी लावलेल्या दोन आडव्या दांड्यांवर हातांचा भार देऊन बाई मधोमध उभ्या राहिल्या. डावा पाय पुढे गेला. माझी पाळी आली आणि त्या थांबल्या.

"काय झालं?" कारागिराने विचारलं.

"जमीन लागल्याचं कळत नाही हो."

"कळणारही नाही. आज नाही, दहा वर्षांनी नाही. रबराला काय कळतंय?"

"मग पाऊल टाकू कसं?"

"खाली जमीन आहे ना? बघा हवं तर. पाय मी स्वतः बांधलाय. आता भार टाका. आधी जाणवू दे, मग टाकते, असं म्हणालात तर आपण दोघं इथेच म्हातारे होऊ. मी तर झालोच आहे."

बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी भार टाकला. तो माझ्या आयुष्यातला पहिला भार. भीतीने थरथरत होता, तरी पूर्ण होता. मी धरला.

घरी आल्यावर हळूहळू मला त्यांचं दुसरं दुःख कळलं. बाई सव्वीस वर्षं प्रार्थनामंदिरात पायपेटी वाजवत होत्या. पायांनी खालच्या दोन पट्ट्या आळीपाळीने दाबायच्या, म्हणजे भात्यात हवा भरते आणि पेटी बोलते. पेटीवर बसलं की त्यांच्या छातीत एक ऊब पसरायची आणि दुसऱ्या कडव्याला डोळे भरायचे. प्रभू जवळ आहे, हे त्यांना त्या उबेवरून कळायचं. पण दवाखान्यात, पाय काढल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले आणि आत काहीच हललं नाही. पुढच्या दिवशीही नाही. महिना गेला. मग त्यांनी प्रार्थनाच सोडली.

दर रविवारी दुपारी नणंद यायची. "वहिनी, पेटीविना दादाने आज सूर इतका वर धरला, की दुसऱ्या कडव्याला निम्मी मंडळी नुसती ओठ हलवत होती. तिसऱ्याला पाळकसाहेबसुद्धा बसले."

बाईंचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, मऊ स्वभावाचे. ते म्हणायचे, "मी सुरुवात चांगली केली होती. शेवट मंडळींनी बिघडवला."

"अगं, ये ना तू आता," नणंद म्हणायची. "पाय आला, चालतेस. कशाची वाट बघतेस?"

"आतून काही वाटेल त्याची. मनात राख झालीये. तसंच जाऊन गीत वाजवायचं म्हणजे ढोंग. देवाला कळत नाही का? तोच उठून गेलाय माझ्याकडून."

 मग यजमान पाण्याचा पेला उचलून आत जात. दाराआड ते बराच वेळ उभे असत, हे मला त्यांच्या न वाजणाऱ्या पावलांवरून कळे.

मला वाटलं होतं, हे असंच राहणार. सगळ्या मंडळींच्या गोतावळ्यातून बाई हळूहळू निसटून जाणार, आणि मी त्यांना फक्त पलंगापासून ओट्यापर्यंत नेत राहणार.

एका दुपारी त्या आडव्या झाल्या होत्या. मला काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पडदा सावकाश आत-बाहेर होत होता. झोपेत त्यांच्या उजव्या पायाच्या बोटांना खाज सुटली. माझ्या नव्हे, त्या जुन्या पायाच्या, जो आता कुठेच नाही. असं होतं म्हणे. नसलेला पाय खाजतो, दुखतो, त्याला मुंग्या येतात. दारावर कुणी तरी टकटक केली, बाई अर्धवट जाग्या झाल्या, त्याच पायावर उठून उभ्या राहिल्या आणि धाडकन पडल्या.

यजमान धावत आले. "लागलं का गं? कुठे?"

कोपर सोललं होतं. बाई जमिनीवरच बसून राहिल्या. माझ्याकडे बघत होत्या.

"अहो, तो पाय इतका खरा वाटला," त्या सावकाश म्हणाल्या. "बोटं हलवली मी त्याची. नसूनही वाटला. आणि खिळा होता तेव्हा काहीच वाटलं नव्हतं."

"जाऊ दे आता. ऊठ."

"थांबा जरा. आणि हा, याचं तर मला कधीच काही वाटत नाही. पण दोन महिने यानेच फिरवलंय मला घरभर."  मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माझं वाटणं तीनदा खोटं निघालं हो. मग देव गेला असं मला वाटतं, ते तरी खरं कशावरून?"

यजमान त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. "गेला नाही," एवढंच म्हणाले. पोस्टात त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं असेल, पत्र निघालंय, पोहोचेल. तसाच आवाज होता.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. पेटीवरचं कापड काढलं तेव्हा भात्यातून उंदीर पळाला आणि नणंद बाकावर चढली. बाई बसल्या. डावा पाय पट्टीवर गेला, मग मी. पट्टी दाबली गेली की नाही, हे बाईंना कळायला मार्ग नव्हता. मलाही नाही. दोघांनी कान दिला. आधी नुसती धाप लागल्यासारखा आवाज आला, मग एक लांब, किंचित बसका सूर. मंडळी उठून उभी राहिली. पहिल्या कडव्यात आमची लय दोनदा तुटली. यजमानांनी आपला सूर मुकाट्याने खाली आणला.

दुसरं कडवं आलं. मी वाट पाहत होतो. बाईंच्या श्वासात काही बदललं नाही. ऊब नाही, डोळ्यांत पाणी नाही. तरी त्या वाजवत राहिल्या, शेवटच्या ओळीपर्यंत. सगळे गेल्यावर त्यांनी पेटीवर हात ठेवून प्रार्थना केली, "प्रभू, आज काही वाटत नाहीये. तू आहेस, असं तू म्हणालास, म्हणून आले."

त्याला आता नऊ वर्षं झाली. ऊब पुढे कधीमधी आली. एकदा पावसाळी सकाळी, एकदा नणंदेच्या आजारपणात. आली की बाई आनंदाने घेत, नाही आली तर तिची चौकशी करत नसत. त्या गेल्या नाहीत असा रविवार मात्र मला आठवत नाही.

माझी टाच झिजली आहे. वाटीला तडा गेलाय. नवा पाय तयार आहे, उद्या आणायला जायचंय. आज दुपारी बाईंनी मला ओल्या फडक्याने पुसलं, बोटांच्या फटीतसुद्धा, आणि मांडीवर घेऊन बसल्या.

"अगं, पायाशी बोलतेस?" यजमान दारातून म्हणाले.

"देवाशी बोलतेय. पायाबद्दल." मग त्यांनी डोळे मिटले. "प्रभू, मला वाटलं होतं आज रडू येईल. नाही आलं. पण तुझे आभार मानते."

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. मन कोरडं असेल त्या दिवशी घरी बसू नका. भार टाकून बघा.

त्यांचा हात अजून माझ्यावर आहे म्हणे. यजमानांनी तसं म्हटलेलं मी ऐकलं.