दरडोई सतरा मीटर

शीलू चौदा महिन्यांची झाली तरी जमिनीला पाय लावत नव्हती. खाली सोडायला गेलं की दोन्ही पाय पोटाशी घ्यायची, आणि मी पिवळ्या झबल्यातला लोंबता गोळा हातात घेऊन उभी. डॉक्टर म्हणाले, पायात काही दोष नाही, तिला रस्ता पसंत नसेल.

तिचं काय चुकलं? नया नगरच्या मागच्या आमच्या बिल्डिंगसमोर पाण्याचे टँकर उभे राहायचे आणि गळायचे. जानेवारीतही चिखल. मी स्टेशनकडे जाताना एक जोड पायात, एक पिशवीत. चिखलाचा जोड स्टेशनजवळच्या चांभाराकडे ठेवायचा, येताना परत घालायचा. त्या चांभाराला आमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या चपला नावानिशी पाठ होत्या.

सासूबाई, मुक्ताबाई, परभणीहून आल्या त्या दिवशी हा चिखल पाहून वर चढल्या, त्या चार महिने खाली उतरल्याच नव्हत्या. शेवटी त्यांनी बॅग भरली.

"सोमवारचं तिकीट काढलंय. पोरीला नेते मी. आमच्याकडं अंगणात सोडली की आठ दिवसांत पळंल. हितं पाय टेकाया जागा न्हाई, लेकरू चालंल कशावर?"

"मग आणाल कधी?"

"चालाया लागली की."

तिचे बाबा म्हणाले, आई म्हणते ते बरोबर आहे. मी शीलूची झबली पाटावर रचत बसले आणि परत विस्कटत बसले.

रविवारी सकाळी लोकेश नावाचा एक सरळ भांग पाडलेला माणूस फायली घेऊन आला. ठाण्याच्या कुठल्याशा संस्थेचा. मुंबईभोवतालच्या मोठ्या शहरांत पायी चालणं कुठे किती सोपं, याची तुलना चालली होती. ठाणं, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी झालं. आम्ही शेवटचे.

"फूटपाथ कुठाय?" त्यानं विचारलं.

आमचे सेक्रेटरी आत्माराम म्हणाले, "शून्य लिहा."

"शून्य लिहिता येत नाही. सलग तीस मीटर फूटपाथ नसेल तर शहर यादीतून रद्द."

"रद्द म्हणजे? आम्ही राहतो ना इथे!"

"कागदावर नाही राहणार."

आत्मारामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "भिवंडी यादीत आणि आपण नाही?" असं जिन्यात ओरडत ते वर गेले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. सोळा बिऱ्हाडं, सोळा दारं. तासाभरात बिजागऱ्या सुटल्या आणि दारं चिखलावर एकापुढे एक आडवी झाली. लोकेशनं टेप लावला. चौतीस मीटर. रुंदीही पुरेशी.

एक रिक्षावाला थांबून बघत राहिला. "क्या भाई, घर अंदर है या बाहर?"

"फूटपाथ है. हॉर्न मत बजाओ," आत्माराम म्हणाले.

लोकेशनं घड्याळ लावलं. "एक तास. जेवढे चालतील तेवढे मोजायचे. कोणी चाललंच नाही तरी रद्द."

सगळ्यांनी चपला काढल्या. कुणाच्या दारावर चपलेनं कसं जायचं? अनवाणी रांग उभी राहिली, आणि तेव्हा लक्षात आलं की पाट्या काढायच्या राहून गेल्यात. प्रत्येक दाराच्या मधोमध पितळेचं नाव. नायर. मिस्त्री. कांबळे. शाह.

"चला नायरसाहेब."

"नाही नाही, मिस्त्रींच्या नावावर पाय कसा देऊ? आप चलिए."

"अरे, नायरसाहेब के नाम पे? तौबा."

जो तो आपल्या दारावर उभा. चाळीस मिनिटं झाली, चौतीस मीटरवर सोळा कुटुंबं जागच्या जागी, आणि लोकेशच्या कागदावर एकही रेघ नाही. मी आमच्या दारावर, शीलू कडेवर. वर गॅलरीत सासूबाई, हाताशी बॅग.

तेवढ्यात उत्तनची मासळीवाली कार्मिन डोईवर पाटी घेऊन आली. "काय गो, घरां उलटी केलीत काय? धर जरा, मान मोडली माझी."

मासळीची पाटी एका हातानं उतरत नाही. मी शीलूला खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर केले. पाटी उतरवून पाहते, तर शीलू उभी होती. पाय पोटाशी नाहीत. ते दार तिच्या ओळखीचं होतं. रोज त्याच्यावर थापा मारून ती मला बाहेर न्यायला सांगायची. तिनं खाली वाकून एक थाप मारली, आणि चालायला लागली.

सगळ्या रांगेत वाचता न येणारी ती एकटीच. नायरवर पाय दिला. शाहवर दोन पाय दिले. मिस्त्रींच्या पाटीवर थांबून जरा नाचलीसुद्धा, आणि मिस्त्री टाळ्या वाजवत होते. लोकेशनं रेघ ओढली. सोळावं दार संपलं. पुढे चिखल.

"उचल तिला! उचल!" गॅलरीतून आरोळी आली.

माझ्याच्यानं हलवेना. शीलूनं एक पाय चिखलात टाकला. मग दुसरा. उभीच राहिली, आणि बोटं रुतवून बघू लागली.

दोन मिनिटांत सासूबाई खाली होत्या, चपलांसकट. सोळाच्या सोळा नावं तुडवत धावत गेल्या, नातीला उचललं, चिखलातून वळल्या आणि तशाच तुडवत परत आल्या.

"आजींना मोजू का?" लोकेशनं विचारलं.

"मोजा," आत्माराम म्हणाले. "परत आल्यात, तर दोनदा मोजा."

"दोनदा नाही चालत."

तीन महिन्यांनी निकाल आला. फूटपाथ चौतीस मीटर, पादचारी दोन, दरडोई सतरा मीटर. बाकीच्या शहरांत दर माणशी वीतभरही येत नव्हता. आम्ही पहिले. आत्मारामांनी ते पत्र जिन्यात लावलं. टँकर अजून गळतच होते.

पण त्या रविवारी दारं परत चढवली, तेव्हा प्रत्येक नावावर सासूबाईंच्या चपलेचा चिखल होता. "लोकांच्या नावावर पाय दिला गं मी," म्हणत त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि पहिल्यांदाच शेजारचं दार वाजवलं. पाटी पुसली की घरचे आत बोलवायचे. नायरांकडे कॉफी, शाहांकडे चहा, मिस्त्रींकडे शेवया. पंधराही घरं करून त्या परतल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. शीलू पुढे, त्यांचं बोट धरून, ओठांवर शेवयांची मिशी.

"आई, उद्याचं तिकीट?" मी विचारलं.

"मी गेल्यावर हिच्या मागं धावंल कोण? तू?" त्यांनी बॅग उघडून झबल्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. "आन् उद्या मला त्या चांभाराकडं घेऊन चल. माझाबी एक जोड ठिवू तिथं."