देवरावच्या भिंतीतली नदीमाय

गोंडपिपरीकडच्या आमच्या गावातला पूर ओसरला, पण देवरावभाऊच्या मागच्या भिंतीतून पाणी झिरपायचं थांबेना. तेही रोज बरोबर आरतीच्या वेळी! अख्खं गाव लोटे घेऊन त्याच्या घरात बसलेलं.

"नदीमाय घरी आली, घरीच राह्यली!" आरती करणारे मुखरू महाराज ओरडत. "मायेले कोनी झाडूनं बाहेर काढते का? कोप होईन, कोप!"

पुराचं पाणी उंबऱ्याला लागलं की आमच्याकडच्या बाया हळदकुंकू वाहून नदीमायची ओटी भरतात. महाराजानं नेमकं तेच धरलं. आठ दिवस त्या घरात ना झाडू लागला, ना फडकं. भिजलेली गादीसुद्धा तशीच कुजत पडली.

मी नूतन, गावची आशा कार्यकर्ती. माझं डोकं भणभणत होतं. देवरावची पाच वर्षांची नात आचल दोन दिवस जुलाबानं पडून होती, आणि तिला वाटीवाटीनं तेच पाणी तीर्थ म्हणून पाजत होते.

"देवरावभाऊ, तिले दवाखान्यात न्या. गाडी मी बोलावीन."

"तुमी बुद्धाचे लोक, नूतनबाई. तुमाले मायेचं काय समजते?"

"मले जुलाब समजते, भाऊ!"

गाडी आली तशी रिकामी परत गेली. मग मी महाराजावर नजर ठेवली. आरतीआधी स्वारी हातपाय धुवायला घरामागं जाई, भरलेल्या दोन बादल्या घेऊन. एवढे कुठले पाय मळत होते त्याचे? मागं होता संडास, त्याच भिंतीला खेटून. पुरात त्याचा पाइप फुटलेला, खड्डा तुडुंब भरलेला, आणि महाराज दोन्ही बादल्या त्यातच रिकाम्या करी.

दुसऱ्या दिवशी मी कपड्यांच्या निळीची बाटली त्या संडासात ओतली. संध्याकाळी महाराज मागं जाऊन आले, टाळ वाजले आणि भिंतीतून निळं पाणी उतरलं.

"ही नीळ मी संडासात टाकली होती," मी सांगितलं. "आठ दिवस काय पेले, पाहा आता."

कोणी तिथंच ओकलं. पण महाराज कसला हटतो! "निळकंठ! मायेसंग निळकंठ आला!" आणि काय सांगू, अर्धे लोक पुन्हा खाली बसले.

उठला तो देवराव. आचलला छातीशी धरून रस्त्याकडे धावला. गाडी पुन्हा आली, पण चंद्रपूर यायच्या आधीच पोरीनं मान टाकली.

चौथ्या दिवशी देवराव झाडू घेऊन आपल्या दारात उभा होता. "बाई, आता सांगा, कसं साफ करू?"

मी सांगितलं. "नळाचं पाणी सांडलं तर पुसून घ्यायचं. मोरीचं तुंबलं तर साबणानं घासायचं. पुराचं नाईतर संडासाचं आत आलं, तर बूट नि हातमोजे घातल्याबिगर हात लावायचा नाई. लेकरू दूर ठेवा, गादी फेका, ब्लीचिंगनं धुवा."

"आणि पेलं तर?"

शेजारच्या घराच्या ओल्या भिंतीला तेव्हाच कोणी कुंकू लावत होतं.

बापहो, भिंत ओली झाली तर आधी मागं जाऊन पाहा. हात जोडायला दिवस पडलाय. आचलला तेवढा दिवस मिळाला नाही.