तरंगबाबांची सीलबंद पेटी

"आलं! नेट आलं! सगळ्या काड्या भरल्या!"

तळमजल्यावरचे शिंपीकाका फोन डोक्यावर धरून ओरडले आणि आत्याच्या घराच्या मागच्या खोलीत एकच गलका झाला. खोली ती केवढीशी, त्यात अर्धी बिल्डिंग कोंबलेली. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते पॅसेजमधल्या लोखंडी कपाटाला टेकून टाचा उंचावत होते. गेले तीन महिने या खोलीत इंटरनेट औषधालाही मिळत नव्हतं. आता कुणाच्या फोनवर गाणं वाजत होतं, कुणाच्या फोनवर मॅच चालू होती.

मधोमध, आत्याच्या दिवंगत नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, दुरुस्तीच्या टेबलावर, लाल मखमलीने मढवलेली लाकडी पेटी होती. झाकणावर लाखेचं सील. मागून दोन वायरी निघालेल्या. एक विजेच्या प्लगला, दुसरी भिंतीच्या कडेकडेने थेट पुढच्या खोलीतल्या राउटरपर्यंत.

"ही वायर नव्हे," तरंगबाबा डोळे मिटून म्हणाले, "हा ऊर्जारज्जू! सजीव लहरी यातून मृत लहरींना भेटायला येतात."

"आणि तो प्लग?" आत्याच्या भाचीने विचारलं.

"ते पृथ्वीतत्त्व."

"पृथ्वीतत्त्वाचं बटण बंद केलं तर?"

"बाळ, चेष्टा करू नये," बाबा म्हणाले. शिंपीकाकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भर सभेत शिवी दिली.

भाची हॉस्पिटलात एक्स-रे काढायची आणि आत्याकडे राहायची. दिवसभर माणसांच्या आत डोकावणाऱ्या पोरीला वरच्या मखमलीचं काय कौतुक! तिला हसू फुटत होतं. पण आत्याकडे लक्ष गेलं आणि ते ओठांवरच विरलं. आत्या पदराने डोळे पुसत होती.

काका गेले त्याच आठवड्यात या खोलीतलं नेट गेलं होतं. त्याआधी आत्या रोज संध्याकाळी काकांच्या खुर्चीत बसून परदेशातल्या लेकीशी व्हिडिओवर बोलायची. ते बंद पडलं. मग महिन्यापूर्वी हे बाबा बिल्डिंगमध्ये अवतरले. घरोघरचे जुने राउटर 'दूषित यंत्रं' म्हणून वाहत्या पाण्यात सोडायला घेऊन गेले, काकांचा अडगळीतलासुद्धा. जाताना आत्याला सांगून गेले, "माई, लहरी अडत नाहीयेत, अडवल्या जातायत. यजमान रुष्ट आहेत. शेवटच्या घटकेला तुम्ही जवळ नव्हता ना?"

नव्हती. चार दिवस उशाशी बसून ती पाच मिनिटं चहा घ्यायला गेली आणि तेवढ्यात ते गेले. आता ही गोष्ट सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होती. बाबांनाही कुणीतरी सांगितली असणार, त्याला अंतर्ज्ञान कशाला लागतंय? पण आत्याच्या काळजात ते वाक्य रुतलं ते रुतलंच. ती जेवेना. त्या खोलीत पाऊल टाकेना.

"रविवारी यजमानांची हत्यारं, टेबल, खुर्ची सगळं घेऊन जातो," बाबा उठता उठता म्हणाले. "मग या खोलीत आमचं ध्यानकेंद्र. तोवर सील मोडू नका. मोडलंत, तर ते कायमचे तळमळत राहतील."

गर्दी पांगल्यावर भाची म्हणाली, "आत्या, तो पासवर्ड मागत होता का गं?"

"छे! गृहमंत्र. कानात सांगितला मी."

"कुठला गृहमंत्र?"

"तोच गं. वायफायचा."

भाचीने कपाळाला हात लावला. "उघडू ती पेटी?"

"हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील!" आत्या कडाडली. मग एकदम रडवेली झाली. "अजून छळायचंय का त्यांना?"

पेटी उघडणं सोपं होतं, पण मग आत्या जन्मभर स्वतःला खात बसली असती. सील न मोडता आत बघायला हवं होतं. आणि हे ध्यानात आल्यावर भाचीला स्वतःचंच हसू आलं. दुसरं करते काय ती रोज?

हॉस्पिटलात सकाळी पेशंट यायच्या आधी मशीन गरम करायला एकदोन फोटो वाया घालवावेच लागतात. रविवारी तिची सकाळपाळी होती. आत्या उठायच्या आत उचलून आणलेली पेटी तिने डॉक्टरीणबाईंना विचारून टेबलावर ठेवली, बटण दाबलं, आणि पडद्याकडे बघतच राहिली.

दुपारी बाबा आले तेव्हा बिल्डिंग पुन्हा जमली होती. पेटी जागेवर, सील शाबूत. भाचीने एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवली.

"ही तुमची पेटी, बाबा. न उघडता."

बाबा क्षणभर अडखळले. "पाहिलंत? अडकलेल्या आत्म्याचा सांगाडा!"

"अगंबाई!" शिंपीकाकांची बायको किंचाळली.

आत्या मात्र पुढे झाली. चष्मा सावरून तिने फिल्मवर बोट ठेवलं. चौकोनी पाटी, त्यावर ठिपके आणि रेघा, दोन उभ्या दांड्या. आणि एका दांडीच्या बुडाशी, पिळून बसवलेली, लख्ख पांढरी तार.

"हा माझा केसांचा आकडा आहे," आत्या म्हणाली.

तिने बाबांकडे वळून पाहिलं.

"राउटरची दांडी मोडली होती. यांनी माझ्या अंबाड्यातला आकडा उपसला, पक्कडीने पिळला आणि बसवला. अंबाडा सुटला म्हणून मी केवढी भांडले होते! हा आमचा राउटर आहे. पाण्यात सोडला होतात ना?"

बाबांनी तोंड उघडलं, पण आत्याने वाट पाहिली नाही. टेबलावरचा काकांचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिने स्वतःच्या हाताने सील फोडलं. आत मखमल नव्हती, मंत्र नव्हता. काकांचा धुळकट राउटर होता, हिरवे दिवे लुकलुकवत. शिंपीकाकांनी वळून पाहिलं, तोवर बाबा जिन्यात होते, चपला हातात घेऊन.

"युक्ती साधी आहे," भाची म्हणाली. "जुना राउटर तारेने नव्याला जोडायचा, त्याला तेच नाव नि तोच पासवर्ड द्यायचा, आणि फोनना नेटवरचे पत्ते वाटायचं त्याचं काम बंद करायचं. ते एकट्या नव्यानेच करायचं, नाहीतर गोंधळ. झालं! घरात कुणालाही जमेल."

"मग आधी नेट गेलंच कसं?" शिंपीकाकांनी विचारलं. "तेही नेमकं त्याच आठवड्यात?"

"काका गेल्यावर, भेटायला येणारी माणसं बसायला पुढची खोली रिकामी केली तेव्हा ते कपाट पॅसेजमध्ये कुणी आणलं?"

शिंपीकाका खाली बघू लागले. त्यांनीच ढकलत आणलं होतं. अख्खं लोखंडी कपाट, दोन खोल्यांच्या बरोबर मध्ये! चौघांनी मिळून ते बाजूला सारलं, भाचीने पेटीचा प्लग काढला. फोनवर काड्या आल्या. सगळ्या नाही, दोन. पण आल्या.

आत्या काकांच्या खुर्चीत बसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"म्हणजे ते रागावले नव्हते?"

"नाही गं आत्या. कपाट आडवं आलं होतं."

आत्या हसली, रडली, पुन्हा हसली. मग शेजाऱ्यांकडे वळली. "महिनाभर मी त्यांची माफी मागत होते. आणि आत काय आहे, एवढं विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. मला पण नाही. यापुढे कुणी म्हणालं ना, उघडू नका, विचारू नका, तर पहिल्यांदा उघडा. आणि आपल्या गेलेल्या माणसाबद्दल काही सांगितलं, तर आधी आठवा, तो माणूस होता कसा."

तिने आकडा बोटाने चाचपला. घट्ट बसला होता. मग तिने लेकीला फोन लावला.