पथ्य आईचं

वाटीच्या काठाशी चाटणाचा एक काळपट थेंब ओघळता ओघळता थांबला होता… तिने तो बोटावर घेतला, जिभेला लावला. कडू. मध कालवूनही कडूच.

"चाखलंस ना पुन्हा?" सासूबाईंनी वाटी काढून घेतली. "आरशात बघ एकदा तोंड. आण, मी देते."

सवयच ती — ठमीच्या तोंडात जाणारं सगळं आधी आपण चाखायचं, आईने नाही लक्ष ठेवायचं तर कोणी? — आणि गेल्या आठवड्यात वैद्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. पोरीचं पोट चाचपलं, जीभ पाहिली, म्हणाले, इथेच द्या बघू एक चमचा. तिने चाखलं, पुढे केलं. ठमीने ओठ गच्च मिटले.

"ताई, औषध तिच्या जिभेआधी तुमच्या चेहऱ्यावर उतरतं. शौचाला झाली का, कशी झाली, कोण विचारतं?"

"मीच."

"विचारते कसली, उलटतपासणी असते!" सासूबाई. "पोर धसक्याने धरून ठेवते."

"मग चाटण आजींनी द्यायचं. तुम्ही काही विचारायचं नाही. हे पथ्य तुमचं."

पथ्य माझं! पोरीचं पोट शेकत मी बसायचं, तिच्यापायी नोकरी मी सोडायची, मिळतील ती पुस्तकं मी पालथी घालायची… आणि दुखणं कुठे, तर माझ्या तोंडावर?

सासूबाई वाटी घेऊन बाहेर गेल्या होत्या. तिथून ठमीचा आवाज आला. "आजी, आधी तू चाट."

"मी कशाला गं भवाने? माझं पोट झक्कास आहे. हं, आ कर."

खिदळणं. मग चमचा वाटीत पडल्याचा आवाज. इतकं सोपं?

थोड्या वेळाने संडासाच्या बंद दाराआडून हाक आली, "आजीऽ, झाली!"

"शाब्बास गं माझी वाघीण!"

ती हातात टॉवेल घेऊन दाराशी उभी. किती, कशी, दुखलं का — ओठांपर्यंत आलेलं तिने गिळलं. बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर… आणि त्याच्या पाठोपाठ, उद्या नाही झाली तर? आजीच्या हातूनही नाही झाली, तर वैद्य काय म्हणतील, सासूबाई कुठे तोंड लपवतील, आणि ठमी पोट धरून पुन्हा माझ्याच मांडीवर…

छे. असलं काही मनात आलंच नाही. आई आहे मी तिची.

आलं होतं. आणि आता ते जायचं नाव घेत नव्हतं.