पहिल्या भागाची टेप

मालिकेला पन्नास वर्षं झाली आणि वाहिनीला अचानक माझी आठवण आली. मी तिथला टेपवाला. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत कुणी साधं कसे आहात म्हणून विचारलं नाही, आणि परवा दारात गाडी. स्टुडिओत जाऊन बघतो तर टेबलाएवढा केक, भिंतभर जुने फोटो, आणि ज्या दोन नट्यांचं वीस वर्षं एकमेकींशी पटलं नाही त्या गळ्यात गळे घालून उभ्या. निर्मातीबाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"काका, कॅमेऱ्यासमोर एवढंच सांगायचं. गोदामात पाणी शिरलं आणि पहिल्या भागाची टेप गेली. दोन मिनिटांत आटपा."

हे पाणी शिरलं पंचवीस वर्षांपूर्वी, रौप्यमहोत्सवाच्या वेळी. तेव्हाच्या साहेबांनी ते शिरवलं. एरवी त्या गोदामात प्यायलासुद्धा पाणी नव्हतं.

टेप आम्ही पुसली होती. तेव्हा टेपा मोजक्याच, एकेक चाकाएवढी, नवी मागवली तर यायला सहा महिने. म्हणून जुना कार्यक्रम पुसायचा आणि त्यावर नवा भरायचा. ही मालिका लोक पुढे डोक्यावर घेतील हे आम्हाला काय ठाऊक? पहिला भाग मी माझ्या हातांनी पुसला आणि त्यावर फुटबॉलचा सामना भरला. त्या सामन्यात एकही गोल झाला नाही.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो, पण रौप्यमहोत्सवाला ती आली. सव्वीस वर्षांची होती, नुकतीच नर्स झालेली. मालिकेतली पहिली थोरली सून म्हणजे तिची आई. आईने एकच भाग केला, तो दाखवायच्या आठ दिवस आधी ती तापाने गेली, आणि दुसऱ्या भागापासून दुसरी नटी आली. ही तेव्हा दीड वर्षाची. बापाने तो भाग शेजाऱ्यांकडे बसून बघितला, पण तो म्हणे पूर्ण वेळ रडत होता, त्याला काही दिसलंच नाही. पोरीला आई एकदा हलताना, बोलताना बघायची होती, एवढंच तिचं मागणं. मी साहेबांनी पढवलेलं सांगितलं. पाणी शिरलंय, शोध चालू आहे.

त्यानंतर दरवर्षी मालिकेच्या तारखेला तिचा फोन यायचा. "काका, काही सापडलं?" मी म्हणायचो, बघतोय. पहिलं खोटं जड गेलं होतं, पुढे नुसती स्वतःचीच री ओढायची होती. निवृत्त झाल्यावरही मी तेच म्हणत राहिलो.

परवा ती मेकअपच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. केस पिकलेत आता.

"काका, मी महिनाभराची रजा टाकलीय," ती म्हणाली. "मला गोदामात सोडतील का? भिजलेल्या टेपासुद्धा हल्ली वाचवता येतात म्हणे. मी एकेक उघडून बघेन."

महिनाभराची रजा ऐकल्यावर माझा धीर सुटला. "गोदामात काही नाही, पोरी. पाणीबिणी शिरलं नव्हतं. ती टेप मी पुसली. भाग दाखवला त्याच वर्षी."

मी गांगरलो आणि कचेरीतली माणसं करतात तेच केलं, नियम पुढे केला. म्हटलं, "आम्ही काही मनाला येईल तशा पुसत नव्हतो. पुसायच्या आधी टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची, कुठे खराब झालीय का तपासायचं, मगच सही करायची."

तिने झटकन मान वर केली. "म्हणजे तुम्ही तिला पाहिलंय."

तिने पर्समधून छोटी वही काढली, पेन उघडलं. "सांगा ना, कशी चालायची? आवाज कसा होता? मी सगळ्यांना विचारलंय. सगळे म्हणतात, छान होती. छान म्हणजे काय, काका?"

टेप पुसली त्या दुपारी माझ्या टेबलावर आठ टेपा होत्या आणि खाली कॅन्टीनमध्ये पत्त्यांचा डाव मांडला होता. मी आठ सह्या ठोकल्या आणि पत्ते कुटायला गेलो. एकही टेप यंत्रावर चढवली नाही. हे तिला तिथेच सांगायला हवं होतं.

"दारातून चालत आत येतात," मी म्हणालो, "आणि आधी जाऊन खिडकी उघडतात."

ती लिहीत होती. रोग्याला किती औषध द्यायचं ते लिहावं तशी, एकेक अक्षर जपून. मग तिने विचारलं, "कुठल्या हाताने?"

'डाव्या' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो उच्चारला असता तर तिच्या घरात आई कायमची डावखुरी झाली असती. मला स्वतःची शिसारी आली.

"खोडून टाक ते," मी म्हणालो. "मी काही पाहिलेलं नाही. न बघता सही केली आणि खाली पत्ते खेळायला गेलो. तुझ्या आईला पुसलं तेव्हा मी तिच्याकडे एकदा बघितलंही नाही."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणजे तिला नीट कुणीच पाहिलं नाही," ती हळूच म्हणाली. "बाबा रडत होते, आणि तुम्ही खाली होतात."

बाहेरून आम्हाला हाक आली. केक कापायची वेळ झाली होती. तिने पेनाला टोपण लावलं.

"खोडलंस का?" मी विचारलं.

"नाही."

"अगं, खोटं आहे ते. मी आत्ता इथे बसून रचलं."

"कळलं मला." तिने वही पर्समध्ये ठेवली. "माझ्याकडे तिचे सात फोटो आहेत. सातही फोटोंत ती नुसती उभी आहे. या ओळीत निदान चालत आत तरी येते."