ओल्या चिंधीचा पारा

इस्त्रीवाल्याच्या लेकीला शाळेतून हवेतली वाफ मोजायची कामगिरी मिळाली होती. पुठ्ठ्यावर दोन तापमापक शेजारी शेजारी बांधलेले, त्यातल्या एकाच्या बुडाला ओली चिंधी. चिंधीतलं पाणी वाळताना तिथला पारा खाली उतरतो. हवा कोरडी असेल तर दोन्हींत फरक मोठा. हवेत वाफ ठासून भरलेली असेल तर पाणी वाळतच नाही आणि फरक मिटतो.

"आणि फरक मिटला की घामही वाळत नाही," ती बापाला बजावत होती. "मग अंग निवत नाही. माणूस आतल्या आत शिजतो, बाबा. घरात आठ अंशांचा फरक आला. आता तुमच्या लॉन्ड्रीतला हवाय."

"बरं, शास्त्रज्ञबाई," तो हसला. पण गेल्या आठवड्यात चादरींच्या ढिगावर भोवळ येऊन पडलो होतो ते हिला कुणीतरी सांगितलंय, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. पोरीने शाळेच्या नावाखाली त्याचीच झडती आरंभली होती.

लॉन्ड्री समोरच, गल्ली ओलांडली की आलीच. त्याने पुठ्ठा वाफेच्या इस्त्रीपासून लांब, भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. पांढऱ्या चादरींवर धूळ बसते म्हणून मालकाने खिडक्या ठोकून बंद केल्या होत्या. दुपारी त्याने डोळ्यांवरचा घाम पुसून पाहिलं. दोन्ही पारे खांद्याला खांदा लावून उभे. त्याने काच पुसली, चिंधी पुन्हा भिजवली, थोडं थांबून परत पाहिलं. फरक नव्हताच.

तो पुठ्ठा घेऊन मालकाकडे गेला. "एक तरी खिडकी उघडू या, साहेब."

मालकाने पुठ्ठ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "गुदमरतोस? मग घरी बस जा, मोकळ्या हवेत. तुझ्यासारखे छप्पन मिळतील."

घरी बसून खायचं काय? गावात दुसरी लॉन्ड्री नव्हती आणि त्याला इस्त्रीखेरीज दुसरं काही येत नव्हतं. तो मुकाट टेबलाशी परतला. स्वतःची इतकी कीव त्याला कधी आली नव्हती.

संध्याकाळी लेक दारातच उभी. "किती आला?"

"आठ," त्याने ठोकून दिलं. "अगदी मजेत असतो आम्ही तिथे."

त्याने काढलेला शर्ट तिने उचलला, मोरीवर नेऊन पिळला. धार लागली. मग खिडकीतल्या दोरीवर तो टाकून ती वाट बघत बसली. वाऱ्यावर शर्ट हलत होता. त्याचं जेवण उरकेपर्यंत कॉलर कडक झाली होती.

"इथे वाळला, बाबा. आठ असते तर तिथेही वाळला असता."

त्याने मान खाली घातली. पोरीसमोर खोटा पडल्याची लाज वाटली, पण त्याहून भीती मोठी होती, आणि ती तिलाही दिसत होती.

"उद्या नका ना जाऊ," ती रडत म्हणाली.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"वाळला ना? मग दे इकडे," तो म्हणाला. "सकाळी घालायला लागेल."