कुंपणालगतचं करपलेलं तण

तणाशी माझं वैर होतं म्हणा ना. आमच्या घरामागे चार वाफे, मधून फरशीची वाट, आणि कुंपणापलीकडे माझ्या सख्ख्या ताईचं घर. वाफ्यांत लव्हाळा इतका माजलेला, की वरून उपटला तरी जमिनीतल्या गाठीतून आठवड्यात पुन्हा हजर. पण औषधाचा एक थेंब मी पडू दिला नाही. खुरप्याने खणायचं, गाठ हाताला लागेपर्यंत खणायचं. मोकळ्या जागेवर जुने पुठ्ठे अंथरायचे, वर पालापाचोळा दाबायचा, म्हणजे खालच्या तणाला ऊनच मिळत नाही. फरशीच्या फटींत किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं. कंबरेचा पार काटा ढिला व्हायचा, पण मला थांबवायची कुणाची बिशाद नव्हती.

कारणही सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. का गेलं ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. मी मात्र ठरवून टाकलं. त्याच महिन्यात भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, कुंपणालगत तणनाशक फवारलं होतं आणि बायको तिथलीच पालेभाजी खात होती. पुरावा? कसला पुरावा! माझा राग पुरावा मागत बसत नाही.

आता ती पुन्हा गरोदर होती, पाचवा महिना लागला होता. मी डोळ्यांत तेल घालून जपत होतो. बादली उचलायची नाही, वाकायचं नाही, किटलीला तर हातसुद्धा लावायचा नाही.

"मी काय काचेची आहे का रे?" ती चिडायची.

"आहेस," मी म्हणायचो, आणि विषय संपवायचो.

भावजींचं तुणतुणं मात्र चालूच होतं. "अरे, तुझा लव्हाळा माझ्या हिरवळीत घुसतोय. एक फवारा मारू दे, आठ दिवसांत सगळं मोकळं!"

"मारून तर बघा," मी म्हणायचो. ते हसायचे. मी हसायचो नाही.

मी नळजोडणीची कामं करतो. त्या आठवड्यात एका मोठ्या इमारतीच्या कामापायी दोन दिवस बाहेर होतो. शनिवारी सकाळी परतलो तर बायको बेसिनवर वाकून ओकत होती.

"काय खाल्लंस?"

"काही नाही रे. काल वाफ्यातली कोवळी पानं खाल्ली, कच्चीच. होतं असं कधी कधी."

मी धावत मागे गेलो. कुंपणालगतचा हातभर रुंद पट्टा पिवळा पडून आडवा झाला होता. लव्हाळा, हराळी, सगळं करपलेलं. आणि पलीकडे भावजी फवारणीचा पंप धूत बसलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

कुंपणातलं फाटक मी लाथेनेच उघडलं. "कोणतं औषध मारलंत? नाव सांगा!"

"अरे, कसलं औषध? मी गुलाबांवर साबणाचं पाणी..."

पहिला ठोसा त्यांच्या तोंडावर बसला. माझ्या बोटांना त्यांचे दात लागले. ते पंपासकट मागे कोसळले, मी त्यांच्या छातीवर गुडघा रोवला आणि मारत सुटलो. नाकातून रक्ताची धार लागली. नाव कळलं तर डॉक्टरांना सांगता येईल, बाळ वाचेल, एवढंच डोक्यात होतं. निदान सुरुवातीला तरी.

"नाही मारलं रे! आईशप्पथ नाही मारलं!"

"नाही मारलं? मग खा!"

कॉलर धरून मी त्यांना फाटकातून आमच्या बाजूला फरफटत आणलं. करपलेला लव्हाळा मुळासकट उपटला आणि मातीसकट त्यांच्या तोंडात कोंबला. त्यांनी दात आवळले, तर वाफ्याशी पडलेलं खुरपं उचलून त्याची मूठ घालून जबडा उघडला. काहीतरी कट्कन मोडलं. "खा म्हणतो ना! खा!" त्यांचे डोळे बाहेर आले, ते फरशीवर पाय झाडू लागले. ताई ओरडत आली, मागून माझे केस उपटू लागली. मी कोपर मारून तिला उडवलं. सख्ख्या बहिणीला. आणि खोटं कशाला बोलू, आणखी एक मूठ कोंबताना मला बरं वाटत होतं.

"मी ओतलं!"

बायको फाटकापाशी उभी होती. "कुंपणालगत उकळतं पाणी. परवा मी ओतलं. तुझी कंबर मोडते म्हणून. तू नको म्हणाला होतास, म्हणून बोलले नाही."

माझे हात सुटले. ताईने नवऱ्याला कुशीवर वळवलं आणि बोटं घालून त्याच्या तोंडातलं गवत काढू लागली. गवतासोबत दोन दात आले. मोठा घरघरता श्वास घेऊन भावजी रडायला लागले. साठीचा माणूस, लहान मुलासारखा रडत होता.

"अगं, तू ओकत होतीस. मला वाटलं, बाळ..." मी म्हणालो.

ती ताईकडे वळली. "ताई, गाडी काढा. यांना दवाखान्यात नेऊ," एवढंच म्हणाली. दोघींनी भावजींना दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. ताईचा गाल सुजला होता.

गाडीपाशी मी तिला गाठलं. "मी बाळासाठीच केलं ना गं! घरी ये."

"उद्या ते रडलं," ती म्हणाली, "हट्ट धरला, खोटं बोलतंय असं तुला वाटलं, तर त्याच्या तोंडात काय कोंबशील?"

मी एक पाऊल पुढे टाकलं. तशी ती पटकन मागे सरली, आणि माझ्यापासून वाचवावं तसे दोन्ही हात तिने पोटावर धरले.